कुड्याची फुले आणि नोटेवरची सही : रोह्यापासून रामटेकपर्यंत

पहिला दिवस : ठाणे ते रोहा

ज्येष्ठ वद्य एकादशीच्या सकाळी ताई आणि मी ठाण्याहून निघालो. ताईने ३४ वर्षे शाळेत संस्कृत शिकवले आणि मी ३१ वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत व्हाउचरे तपासली, त्यामुळे चिंतामणराव देशमुख नक्की कोणाचे, हा आमच्या घरातला फार जुना वाद आहे. माझ्या मते ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, म्हणून आमचे. ताईच्या मते ते 'मेघदूता'चा मराठी काव्यानुवाद करणारे आणि स्वतः संस्कृतात कविता रचणारे, म्हणून तिचे. ठाण्यात त्यांच्या नावाची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आहे. ताईचा मुलगा तिथे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला जात असे आणि आमचा वाद ऐकून "ते आमचेच, कारण इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेच्या, म्हणजे आयसीएसच्या, परीक्षेत पहिले आले होते," असे म्हणत असे. या भांडणाचा निकाल लावायचा म्हणून नव्हे, पण दोघीही निवृत्त झालो आहोत आणि पाऊस लागला आहे, तर त्यांच्या बालपणाच्या आणि जन्माच्या गावांपासून निघून 'मेघदूता'च्या रामगिरीपर्यंत, म्हणजे कालिदासाचा शापित यक्ष वर्षभर पत्नीपासून दूर राहून जिथून मेघाकरवी तिला निरोप धाडतो तिथपर्यंत, एकदा जाऊन यावे, असे ठरले. आषाढाची प्रतिपदा रामटेकला गाठायची, एवढी एकच अट ताईने घातली होती.

दिव्याहून रोह्याची मेमू पकडली. पनवेल मागे पडून आपटा येईपर्यंत डोंगरांनी ढगांची टोपी घातली होती आणि पेणला फलाटावर चहा घ्यायला उतरावे तर पावसाने उतरू दिले नाही. ताईला एकादशीचा उपवास होता. डब्यातली साबुदाण्याची खिचडी उघडताना ती म्हणाली, "आजची एकादशी कोणती, ठाऊक आहे ना तुला? योगिनी. हिची कथा यक्षाचीच आहे." मला ठाऊक नव्हते. कथा अशी, की अलकापुरीत कुबेराच्या पदरी हेममाली नावाचा यक्ष होता. शिवपूजेसाठी मानस सरोवरावरून रोज फुले आणणे हे त्याचे काम. एक दिवस बायकोच्या सहवासात त्याला फुलांचा विसर पडला, पूजा खोळंबली आणि कुबेराने त्याला शाप दिला: कोड फुटेल आणि पत्नीचा वियोग घडेल. कालिदासाने यक्षाचा अपराध कोणता ते सांगितलेलेच नाही, 'स्वाधिकारात्प्रमत्तः', म्हणजे आपल्या कामात चुकलेला, एवढेच शब्द खर्च केले आहेत; टीकाकारांनी, म्हणजे जुन्या भाष्यकारांनी, मग ही कथा त्या जागी बसवून पाहिली. "म्हणजे कामावर गैरहजेरी," मी म्हटले. "एका दिवसाच्या रजेसाठी एक वर्षाची बदली." ताईने माझ्याकडे पाहिले, पण रागावली नाही.

रोहा स्थानकापासून पुढे कोकण रेल्वेची हद्द सुरू होते, त्यामुळे मुंबईकडच्या पुष्कळ लोकांना रोहा म्हणजे फक्त गाडी थांबते ते ठिकाण वाटते. गाव कुंडलिकेच्या काठी आहे. धाटावच्या कारखान्यांनी त्याचा तोंडवळा बराच बदलला असला, तरी नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या आणि कौलांच्या उतरत्या पडव्या अजून पाहायला मिळतात. चिंतामणरावांचे बालपण याच गावात गेले. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील, आई भागीरथीबाई धार्मिक वृत्तीच्या. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराणे, म्हणजे लेखणी आणि हिशेब ही घरातली जुनी हत्यारे. इथूनच निघालेला हा मुलगा १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळणे म्हणजे गावात हत्तीवरून साखर वाटण्याजोगी गोष्ट होती, असे ताईला तिच्या शिक्षकांनी सांगितलेले आहे.

गावात चिंतामणरावांच्या नावाचे महाविद्यालय आहे. त्यांचे नाव वाणिज्य शाखेला दिलेले आहे. हे वाचून मी ताईकडे विजयी मुद्रेने पाहिले. तिने लगेच दुसरे नाव काढले: पांडुरंगशास्त्री आठवले हेही रोह्याचेच, १९२० साली जन्मलेले. एका लहानशा गावाने गीता सांगणारा आणि अंदाजपत्रक सांगणारा, असे दोन संस्कृतज्ञ सुमारे पंचवीस वर्षांच्या अंतराने दिले, ही गोष्ट तिच्या पारड्यात गेली हे मान्य करावे लागले.

संध्याकाळी नदीवर गेलो तेव्हा पाणी गढूळ, लाल आणि जोरात होते. रात्री ओळखीच्यांच्या घरी उतरलो. त्यांनी ताईसाठी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी केली आणि माझ्यासाठीही तेच, कारण वेगळे करण्याचा कंटाळा.

दुसरा दिवस : रोहा ते महाड

कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे करत एसटीने महाडला पोहोचलो. या महामार्गाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. जे आहे ते सगळ्या कोकणवासीयांनी पूर्वीच बोलून झाले आहे.

महाडच्या बाजारात मात्र तासभर रमलो. रानभाज्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईसमोर शेवळांच्या शेवटच्या जुड्या, टाकळ्याची कोवळी पाने, भारंगी आणि पळसाच्या पानावर अळंबीचे तीन वाटे होते. अळंबी पाहताच ताई थांबली. "'कर्तुं यच्च प्रभवति महीमुच्छिलीन्ध्रामवन्ध्याम्'," ती पुटपुटली आणि मग मला समजावले, की मेघाचे गर्जन जमिनीतून शिलींध्रे, म्हणजे अळंबी, वर काढते आणि ती उगवली की जमीन वांझ नाही, पीक येणार, अशी खूण पटते. मावशींना आम्ही काय बोलतो याचे कौतुक नव्हते. "घ्यायची तर घ्या बाय, दुपारपर्यंत काळी पडतात," त्या म्हणाल्या. आम्ही पुढचे दिवस प्रवासात असल्याने घेता आली नाहीत, याची हळहळ मला अजून आहे.

चवदार तळ्याच्या काठावर बसून भिजलेल्या छत्र्या वाळवल्या. १९२७ च्या २० मार्चला याच पाण्याला हात लावून जो प्रश्न बाबासाहेबांनी विचारला, त्यापुढे आमच्या दोघींचा वाद फारच किरकोळ होता, त्यामुळे बराच वेळ त्यावर बोललोच नाही.

संध्याकाळी लॉजवर ताईने चिंतामणरावांच्या शिक्षणाचा पुढचा भाग माझ्याकडून वदवून घेतला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले आणि तिथे त्यांनी संस्कृत घेतले नाही. निसर्गविज्ञान घेतले: वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली पदवी घेताना वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवले आणि १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. बागकामाची हौस त्यांना जन्मभर होती. "म्हणजे," ताई अंथरुणात उठून बसली, "'मेघदूत' मराठीत आणणारा माणूस वनस्पतिशास्त्राचा पारितोषिकधारक होता आणि हे तू मला आज सांगतेस?" इतकी वर्षे मी त्यांच्या पतधोरणाबद्दल बोलत आले होते, फुलांचा मुद्दा तिच्या बाजूचा आहे हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

तिसरा दिवस : नाते

महाडहून पाचाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साधारण दहा किलोमीटरवर नाते आहे. रायगडाला जाणाऱ्यांच्या गाड्या या गावातून रोज जातात आणि बहुतेक त्या न थांबता जातात. १४ जानेवारी १८९६ रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास, चिंतामणरावांचा जन्म इथे झाला. जिल्हा तेव्हा कुलाबा होता. १९५२ साली पहिल्या लोकसभेवर ते ज्या मतदारसंघातून निवडून गेले, त्याचेही नाव कुलाबाच. म्हणजे अर्थमंत्री म्हणून ते संसदेत बसले ते ज्या भातखाचरांत जन्मले त्यांच्याच नावावर.

बसमधून उतरलो तेव्हा पावसाची उघडीप होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावणी चालली होती. आवणातली रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधून बांधावर टाकलेल्या आणि गुडघाभर चिखलात आठ-दहा बायका ओळीने वाकलेल्या. पाठीवर इरली फक्त दोघींच्या होत्या, बाकीच्यांनी निळ्या प्लास्टिकची खोळ करून घेतली होती. एका शेतात अजून पॉवर टिलर फिरत होता आणि नुकत्याच उलटलेल्या मातीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. ताईने पिशवीतून मल्लिनाथाच्या टीकेसह छापलेले तिचे जुने 'मेघदूत' काढले. (चिंतामणरावांचा अनुवाद एका ग्रंथालयात मिळाला होता, पण संदर्भ विभागातली प्रत घरी देत नाहीत, म्हणून तो तिथेच बसून वाचावा लागला होता.) तिने जो श्लोक काढला त्यात यक्ष मेघाला सांगतो, की शेतीचे फळ तुझ्या हाती आहे म्हणून खेड्यातल्या बायका, ज्यांना भुवयांचे विभ्रम माहीत नाहीत, त्या प्रेमाने ओलावलेल्या डोळ्यांनी तुला पितील, तेव्हा नांगरल्यामुळे ताजा वास सुटलेल्या 'माला'वर जरा चढ आणि मग पुढे जा. 'माल' म्हणजे उंचवट्यावरची जमीन, असे मल्लिनाथ सांगतो. "आपला माळ," ताई म्हणाली. "बघ, शब्द आपल्याकडे अजून आहे तस्साच."

खाचरातल्या बायका आमच्याकडे पाहत होत्या, मेघाकडे नव्हे. एकीने विचारले, "कुणाकडं आलाय?" चिंतामणराव देशमुखांचे गाव बघायला, असे मी सांगितले. "देशमुखांची घरं आत आहेत," ती म्हणाली आणि मग सरळ होत, कंबरेवर हात ठेवून, "पण तुमी रायगडवर नाय जात?" नाही म्हटल्यावर तिला आमची कीव आली असावी.

कुडा सापडला तो मात्र आम्ही शोधला म्हणून नव्हे. ताईचा पाय बांधावरून घसरला, तिने आधारासाठी हात टाकला तो एका झुडपावर आणि पांढऱ्या फुलांचा एक झुबका तिच्या मुठीत आला. या सगळ्यात छत्री उलटली आणि 'मेघदूत' खाली पडून मल्लिनाथासकट भिजले. तिला काही लागले नाही हे कळल्यावर आम्ही दोघी तिथेच दगडावर बसलो आणि ती फुले नीट पाहिली. पाच पाकळ्यांची, अरुंद नळीवर बसलेली, मंद गोड वासाची पांढरी फुले. पाने समोरासमोर, ठळक शिरांची. देठ मोडला की दुधासारखा चीक. हाच 'कुटज'. आषाढात मेघ दिसल्यावर यक्षाने त्याला अर्घ्य दिले ते याच फुलांचे: 'स प्रत्यग्रैः कुटजकुसुमैः'. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, त्याचे दुसरे नाव 'गिरिमल्लिका' आहे, डोंगरातली मोगरी. कोकणात या झाडाच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते, बिया म्हणजे इंद्रजव आणि सालीचे कुटजारिष्ट, जे पोट बिघडल्यावर आमच्या आईने आम्हा दोघींना नाक दाबून पाजलेले आहे.

इथे मला जे वाटले ते जरा सविस्तर लिहिते. संस्कृत जाणणाऱ्या राजकारण्यांची आपल्याला सवय आहे, पण बहुतेकांचे संस्कृत भाषणाच्या सुरुवातीला येते आणि दुसऱ्या वाक्यापासून निघून जाते. चिंतामणरावांचे तसे नव्हते, आणि त्याचे कारण मला त्या कुड्याच्या झुडपाशी दिसले. संस्कृताच्या जुन्या पद्धतीच्या शिक्षणात मुलाला आधी अमरकोश पाठ करावा लागतो, म्हणजे वस्तूंना वर्गवारीने नावे द्यायला शिकावे लागते: ही वने, ही औषधी, हे धान्य, हे सोने, हे नाणे. वनस्पतिशास्त्रात तेच करावे लागते आणि ताळेबंदातही तेच: जे समोर आहे त्याला नेमके नाव द्यायचे आणि योग्य रकान्यात बसवायचे. उतारवयात, सगळी पदे मागे पडल्यावर, त्यांनी अमरकोशावर पुस्तक केले. १९५७ साली, मंत्रिपद सोडून वर्ष होत असताना, गांधीजींची शंभर वचने संस्कृत श्लोकांत बांधून 'गांधीसूक्तिमुक्तावली' केली. आणि साठच्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या संस्कृत कवितांचा संग्रह काढला. ज्याला भाषा मिरवायची असते तो माणूस कोशाच्या कामाला हात घालत नाही.

हे मी ताईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग आता भांडायचं कशावरून?" आणि कुड्याची चार फुले पुस्तकाच्या भिजलेल्या पानांत ठेवून तिने पुस्तक मिटले. परतीची बस दीड तास आली नाही. टपरीवर दोनदा चहा झाला.

चौथा दिवस : महाड ते मुंबई

पहाटेच्या गाडीने निघून दुपारी फोर्टात पोहोचलो. सामान एका मैत्रिणीच्या ऑफिसात टाकून काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाची दगडी इमारत बाहेरून पाहिली आणि मग माझ्या एका नाणेसंग्राहक मित्राला भेटलो, जो याच भागात काम करतो आणि ज्याला मी आधीच कळवून ठेवले होते.

त्याने प्लास्टिकच्या पाकिटातून दहा रुपयांच्या दोन जुन्या नोटा टेबलावर ठेवल्या. दोन्हींवर सहाव्या जॉर्ज राजाचे चित्र, दोन्हींवर धारकाला रक्कम देण्याचे इंग्रजीतले वचन आणि दोन्हींवर त्या वचनाखाली सी. डी. देशमुख ही सही. चिंतामणराव १९३९ साली रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ पासून ३० जून १९४९ पर्यंत गव्हर्नर होते. म्हणजे महायुद्धातली महागाई, १९४४ ची ब्रेटन वुड्स परिषद, जानेवारी १९४६ मधली मोठ्या नोटांची बंदी, फाळणी आणि १ जानेवारी १९४९ रोजीचे बँकेचे राष्ट्रीयीकरण, हे सगळे त्यांच्या सहीच्या काळातले.

दुसरी नोट पाहून मात्र मी खुर्ची पुढे ओढली. तिच्यावर त्याच राजाच्या, त्याच सहीच्या जोडीला इंग्रजीत आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असे छापलेले होते. फाळणीनंतर काही महिने पाकिस्तानला स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती आणि १९४८ च्या जूनअखेरपर्यंत तिथले चलन रिझर्व्ह बँकच पाहत होती, हे मी परीक्षेसाठी वाचलेले होते. पण नाते गावात जन्मलेल्या माणसाची सही पाकिस्तानच्या नोटेवर प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणे वेगळे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना रक्त सांडत असताना दोन देशांच्या पैशाचा हिशेब एकाच टेबलावर ठेवणे, आणि कोणाचा किती वाटा हे रुपये-आणे-पैमध्ये ठरवणे, हे काम करायला कोणत्या प्रकारचे मन लागत असेल, याचा विचार मी बँकेत असताना कधी केला नव्हता. ताई सहीकडे बराच वेळ पाहत होती. "अक्षर साधं आहे," ती म्हणाली. शिक्षकाच्या तोंडून हे मोठे प्रशस्तिपत्र असते.

तिथून चालत हुतात्मा चौकात आलो. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, भोवती टॅक्सी, शेजारी फ्लोरा फाउंटन. चिंतामणराव १९५० साली अर्थमंत्री झाले. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्या काळात. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विमा ताब्यात घेण्याचा वटहुकूम निघाला, त्याची घोषणा त्यांनी रेडिओवरून केली: देशी, विदेशी आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या धरून २४५ संस्था एका रात्रीत सरकारकडे आल्या. बँकेच्या प्रशिक्षणात आम्हाला ही तारीख पाठ होती. पण त्याच आठवड्यात मुंबईत काय चालले होते, ते तिथे कोणी सांगितले नव्हते. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध लोक रस्त्यावर होते आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मरत होती. एका हातात विम्याचा वटहुकूम आणि मनात राजीनामा, असा तो जानेवारी त्यांनी कसा काढला असेल!

२५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत त्यांनी आपल्या राजीनाम्याची कारणे सांगितली. मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, असे त्यांचे आक्षेप होते. आणि पंतप्रधानांच्या मनात महाराष्ट्राविषयी आकस आहे, असे ते भर सभागृहात बोलले. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले ते या भाषणासाठी. हे योग्यच होते. तरी मला नेहमी वाटत आले आहे, की आपण त्यांना त्या एका दिवसात कोंडून टाकले: सहा वर्षांच्या अंदाजपत्रकांपेक्षा, सहा वर्षांच्या गव्हर्नरपदापेक्षा आपल्याला तो एक राजीनामा जास्त आवडतो, कारण तो समजायला सोपा आहे. ताईला हे पटले नाही. "'मेघदूता'च्या मंदाक्रांता वृत्तात सुरुवातीला चार अक्षरं गुरू येतात," ती म्हणाली, "मग पाच लघू एकदम धावतात. लोकांना धावलेलं लक्षात राहतं. पण ते चार गुरू नसते तर धावणं कळलंच नसतं." हे तिचे संस्कृत शिकवण्याचे जुने उदाहरण असणार, तरी इतके चपखल बसले, की मी काही बोलले नाही.

संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस. मधल्या बर्थवर पंख्याखाली 'मेघदूता'ची पाने वाळत होती. दिल्ली आणि हैदराबाद आमच्या मार्गात नव्हती, तेव्हा ती गाडीतच बोलून घेतली: विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार, १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी, १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक, जिच्यात ते गिरी आणि संजीव रेड्डी यांच्यामागे तिसरे आले. पहिली पत्नी रोझिना गेल्यावर १९५३ च्या २२ जानेवारीला त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यांत नेहरू होते. साडेतीन वर्षांनी ज्यांच्याविरुद्ध ते लोकसभेत उभे राहिले, तेच नेहरू. दुर्गाबाई १९८१ च्या मे महिन्यात गेल्या आणि चिंतामणराव १९८२ च्या २ ऑक्टोबरला, हैदराबादेत. कसारा घाटात आमच्या डब्यातला दिवा कोणीतरी बंद केला.

पाचवा दिवस : नागपूर

पाऊस नाही. अमावास्या आणि उकाडा. जुन्या सचिवालयाची भव्य इमारत बाहेरून पाहिली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या कारभारात चिंतामणरावांनी इंग्लंडहून परतल्यापासून १९३९ पर्यंतची बहुतेक वर्षे काढली आणि प्रांताचे वित्त सचिवपद सांभाळले. महाराष्ट्र त्यांना कोकणी आणि दिल्लीकर म्हणून ओळखतो. त्यांच्या उमेदीची वर्षे मात्र या भागात गेली. दुपारी झोपलो, संध्याकाळी सावजी जेवण घेतले, आणि ताईला त्याचा पश्चात्ताप झाला. तिने कुटजारिष्टाची बाटली विकत घेतली.

सहावा दिवस : रामटेक

आषाढ शुद्ध प्रतिपदा. कामठी, कन्हान, मनसर करत एसटीने रामटेक गाठले; नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटर. संशोधक वा. वि. मिराशींनी कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे मांडले. काही अभ्यासक तो छत्तीसगडात सरगुजाच्या बाजूला नेतात. ताई मिराशींच्या पक्षाची आहे. गडावर वाकाटककाळातली दोन नरसिंह मंदिरे आहेत, लाल दगडाची, ठेंगणी, आणि आत अंधाराची सवय होईपर्यंत दिसत नाही इतकी दांडगी मूर्ती. पायथ्याच्या गावात १९९७ पासून कविकुलगुरू कालिदासांच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ आहे. कालिदास स्मारकापर्यंत चढलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि माकडांनी ताईच्या पिशवीतली केळी घेतली होती.

आकाशात ढग नव्हता. म्हणजे अक्षरशः एकही नव्हता. निळसर पांढरे, कोरडे आकाश, खाली झाडी आणि दूरवर तळ्याचे पाणी. कठड्यापाशी उभी राहून ताई म्हणाली, "यक्ष एक दिवस लवकर आला असेल." मग तिने तो जुना पाठभेद सांगितला. 'आषाढस्य प्रथमदिवसे', आषाढाच्या पहिल्या दिवशी, हा पाठ सर्वांना माहीत आहे; पण काही जुन्या टीकाकारांनी 'प्रशमदिवसे' असा पाठ घेतला, म्हणजे आषाढ संपताना. कारण पुढच्याच श्लोकांत श्रावण जवळ आला असे म्हटले आहे, आणि आषाढाच्या पहिल्या दिवशी श्रावण महिनाभर दूर असतो, तर 'जवळ' कसा? मल्लिनाथ 'प्रथम'च धरतो आणि त्याचे समर्थन करतो.

"तारीख जुळत नाही म्हणून नोंद बदलणारे टीकाकार बँकेतले असणार," मी म्हटले. "आम्ही असा फरक सस्पेन्स खात्यात टाकतो आणि वर्षअखेर पाहतो."

"चिंतामणरावांनी काय केलं असतं?"

"त्यांनी आधी श्रावण किती दिवसांवर आहे ते मोजलं असतं."

ताई हसली आणि तिने पुस्तक उघडले. भिजून वाळलेली पाने फुगून कडक झाली होती, कडांना नाते गावच्या चिखलाचा तांबूस रंग होता आणि ती एकमेकांपासून सुटताना आवाज करत होती. कुड्याची चारही फुले दोन पानांच्या मध्ये चपटी होऊन तपकिरी पडली होती. त्यांचा डाग नेमका तिसऱ्या आणि चौथ्या श्लोकांवर उमटला होता. मी ती उचलून ओंजळीत घेतली आणि उत्तरेकडे तोंड करून कठड्याबाहेर हात पुढे केला.

"अगं, काय करतेस?"

"अर्घ्य."

"'प्रत्यग्रैः' म्हटलंय," ताई म्हणाली. "ताज्या फुलांचं. ही तीन दिवसांची शिळी आहेत. ठेव ती पुस्तकात परत."

मी ती परत ठेवली. साडेबाराची नागपूरची गाडी होती.